सीनेच्या ओढ्याकाठी देशी झाडं: काय लावायचं, काय राहू द्यायचं

ओढाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, राम राम.

उत्तर सोलापूर तालुक्यात सीनेला मिळणारा एक ओढा आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, काठाच्या मोजणीवरून तिथं आधीच भावकीत धुसफुस आहे. या ओढ्याच्या काठावर आम्ही काही जण रविवारी सकाळी काम करतो. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, छापलेले टी-शर्टही नाहीत. एक शाळामास्तर, एक रिक्षावाले मामा, यंत्रमागावर उमेदीची वर्षं घालवलेले दोन काका, कॉलेजची पोरं आणि गावातली चार-पाच घरं.

काठाची कथा सोलापूरच्या कुठल्याही ओढ्याची असते तीच. म्हातारी माणसं सांगतात, दोन्ही थड्यांना करंज आणि बाभळींची दाटी होती, मधूनमधून उंबर, खाली पाण्यालगत लव्हाळा. मग वीटभट्ट्यांना माती गेली. मग वाळू गेली. मग खोलीकरणाचं मशीन आलं, पात्रातला गाळ-मुरूम उपसून दोन्ही काठांवर त्याचे ढीग लावून निघून गेलं. त्या ढिगांवर पहिल्याच पावसात वेडी बाभूळ (ती विलायती, काटेरी) आणि गाजरगवत माजलं. जिथं ढीग नाहीत तिथं ऊस थेट धसाच्या, म्हणजे काठाच्या उभ्या कड्याच्या टोकापर्यंत. पूर आला की धस ढासळतो, सरीभर रान पाण्यात जातं, आणि मालक पुढच्या लागणीला तेवढाच मागं सरकतो.

खोलीकरणाला माझा सरसकट विरोध नाही. आसपासच्या विहिरींना पाणी वाढलं हे शेतकरीच सांगतात. पण पात्र खोल करायला काठ सोलून काढायची गरज नव्हती.

आता मुद्द्याचं. रोप लावणं हे या कामातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटी करायचं काम आहे, असं माझं ठाम मत झालंय. ओढा स्वतःच पेरत असतो. करंजाची शेंग पाण्यावर तरंगत येते आणि गाळात रुतते. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात, बी लेंडीबरोबर बाहेर पडतं तेव्हा त्याचं टणक कवच नरमलेलं असतं. उंबर पाखरं आणून टाकतात. आपण थांबवायचं ते काठावरचा नांगर, काठावरची आग आणि कोवळ्या रोपाला लागणारं शेळीचं तोंड. म्हणून पहिल्या पावसाळ्यात आम्ही एकही रोप लावलं नाही. आपोआप उगवलेली शोधली, त्यांच्याभोवती वेड्या बाभळीच्याच काटेरी फांद्या रचल्या आणि शेजारी चुन्यानं रंगवलेली काठी रोवली, म्हणजे गवत कापताना विळ्यात येऊ नयेत. वाकून गवतात बघत चाललं की कळतं, काठ दिसतो तेवढा उजाड नसतो. बोटभर उंचीची करंजं असतात, दोन-दोन पानांची, चकचकीत, आणि खाली फुटलेलं तपकिरी बी अजून मुळाशी चिकटलेलं. लिंब तर कुठंही.

जिथं खरोखरच काही नाही तिथं बी टोकतो. करंज रात्रभर पाण्यात भिजवून. बाभळीच्या बियांवर कढत पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवून. जांभूळ, अर्जुन, उंबर यांची मात्र रोपं आणावी लागतात.

चर्चा हवी आहे ती मुख्यतः उन्हाळ्यातल्या पाण्यावर, वेड्या बाभळीवर आणि काठाच्या शेतकऱ्यांशी बोलायचं कसं यावर. "छान उपक्रम" एवढंच लिहायचं असेल तर मनात म्हणा, पोचेल.

---

सरी_वरंबा

छान उपक्रम.

आता खरं लिहितो. मालक, माझंबी रान वड्याकडंला हाय, तुमचा वडा न्हवं, पण सीनेचाच. तुमच्या लिखाणात ऊसवाला जरा व्हिलन झालाय. बांधाला झाड आलं की तीन सऱ्या बारीक राहत्यात, ऊसच धरत न्हाई. मागं ज्वारी करत हुतो तवा कणसं भरली की झाडावरची पाखरं उतरायची, गोफण घिऊन बसावं लागायचं. मालदांडीला भाव काय मिळतो तुमाला ठावं हायच. ते नुसकान तुमचा गट भरून देणार काय?

आन् सावली सोडा. झाड लावलं की उद्या कोणतरी येतंय, म्हनतंय ही जागा आता झाडाची. तोडाय परवानगी, छाटाय परवानगी. त्यापरीस झाडच नको म्हनून लोक रोप उपटत्यात. रागानं न्हाई, भीतीनं.

---

ओढाकाठ

काका, रास्त आहे. सावलीचं उत्तर मात्र दिशेत आहे. सोलापुरात रब्बीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, त्यामुळं सावली उत्तरेला पडते. ओढा पूर्व-पश्चिम वाहत असेल तर दक्षिण काठावरच्या झाडाची सावली ओढ्यात पडते, पिकावर नाही. पाण्याला सावली मिळाली तर वाफ कमी होऊन डोह चार दिवस जास्त टिकतो. म्हणून उंच वाढणारी झाडं आम्ही दक्षिण काठाला धरतो. उत्तर काठाला, जिथं सावली शेतात जाईल, तिथं निर्गुडी, शिंदी आणि रामकाठी. रामकाठी बाभूळ सरळसोट वर जाते, घेर धरत नाही. जुने शेतकरी बांधाला तीच का ठेवायचे, त्याचं कारण हेच.

परवानगीच्या भीतीवर माझ्याकडं उत्तर नाही. ती भीती खरी आहे.

---

पळसपापडी

रामकाठीला +१. आमच्या आजोबांच्या गाडीची चाकं बाभळीची होती, औतसुद्धा. बाभूळ म्हणजे काटा एवढंच आताच्या पोरांना माहीत.

---

निर्गुडी_काठची

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, पण इथं लिहितेय ते वर्गातलं कमी आणि काठावर हिंडून पाहिलेलं जास्त.

काठ म्हणजे एक रेघ नव्हे. पाण्याची कड, मधला उतार आणि वरची सपाटी या तीन निरनिराळ्या जागा आहेत, आणि बहुतेक वृक्षारोपणं फसतात ती यांची गल्लत होते म्हणून.

पाण्याच्या कडेला झाड नको. तिथं पुराची पूर्ण धार बसते. झाड तगलं तरी त्याला काटक्या, प्लॅस्टिक, उसाचं पाचट अडकतं, पाणी वळतं आणि समोरचा काठ कापतं. त्या जागेत गवतवर्गीय हवं. लव्हाळा, वाळा, जिथं ओल टिकते तिथं पाणकणीस. पूर आला की ही आडवी पडतात, ओसरला की उठतात, आणि गाळ धरून ठेवायला वाळ्याच्या मुळांसारखं दुसरं काही नाही.

मधला उतार हा करंजाचा. शेंगवर्गातलं झाड आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्र धरतं, खारवट जमीन सोसतं, काही दिवस पाण्यात उभं राहिलं तरी कुजत नाही. शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. निर्गुडीचंही तसंच, तिची फांदी खोचली तरी फुटते. उंबर, जांभूळ इथलीच. अर्जुन फक्त जिथं फेब्रुवारी-मार्चपर्यंत खाली ओल सापडते तिथंच लावा. अर्जुन देखणा आहे म्हणून सगळीकडं लावतात आणि मग कोरड्या ओढ्यावर तो वर्षानुवर्षं कमरेएवढाच राहतो.

वरच्या सपाटीला लिंब, बाभूळ, हिवर, बोर, भोकर, सौंदड, आणि जागा असेल तर एखादा वड.

रोपवाटिकेत गेलात की सहज मिळतात ती सुबाभूळ, काशीद, गुलमोहर, ग्लिरिसिडिया. फुकट मिळाली तरी आणू नका. भोकर, हिवर, सौंदड यांची रोपं विकत मिळणं अवघड, ती बी गोळा करूनच करावी लागतात. जांभळाचं बी ताजंच लागतं. जांभळं खाल्ली, बिया धुतल्या, आठवड्याच्या आत पिशवीत लावल्या, असं. डब्यात भरून पुढच्या जूनपर्यंत ठेवलेलं बी मेलेलं असतं. निंबोळीही फार टिकत नाही.

आणि काळ्या मातीबद्दल. दीड फुटाचा खड्डा, तळाला शेणखत, वर आळं, हे सगळं मुरमाड जमिनीला ठीक. चिकण काळ्या मातीत तोच खड्डा सप्टेंबरच्या पावसात हौदासारखा भरतो, पाणी झिरपत नाही आणि मुळं गुदमरतात. तिथं खड्ड्यात थोडा मुरूम मिसळा आणि रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंचावर, छोट्या उंचवट्यावर लावा. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि मुळं तोडते, म्हणून बुडाशी पाचटाचं जाड आच्छादन हवंच.

---

गड्ड्यातला_पाळणा

ताई, चिंच राहिली की यादीत.

---

निर्गुडी_काठची

चिंच मूळची आफ्रिकेतली. मुद्दाम घेतली नाही.

---

गड्ड्यातला_पाळणा

चिंचेला परदेशी म्हणणाऱ्या बाईंना सोलापूर जिल्ह्यात कुठंही आमटी मिळणार नाही, ही नोंद घ्यावी.

---

निर्गुडी_काठची

:) राहू द्या एखादी गावाच्या बाजूला. शेकडो वर्षं इथं आहे आणि कुणाला ढकलून जागा घेत नाही. माझं भांडण फैलावणाऱ्यांशी आहे.

---

मेमध्ये_फोटो_टाका

माझं सदस्यनाम वाचलं की माझा प्रतिसाद काय असणार ते कळलंच असेल.

राज्यात 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4, 2018 ला 13 आणि 2019 ला 33 कोटी झाडांचं लक्ष्य होतं. आपल्या जिल्ह्यातही खड्डे झाले, रोपं आली, पाहुणे आले. आकड्यांवर वाद घालायला मी आलो नाही. माझं म्हणणं साधं आहे: लागवड जुलैत मोजतात आणि झाड मेमध्ये मरतं. जोवर मोजणी मेमध्ये होत नाही तोवर सगळा खेळ रोपवाटिकेतून खड्ड्यात रोपांची बदली करण्याचा. आमच्या कॉलनीत तर दरवर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप लागतं, खड्डा आता अनुभवी झालाय.

धागाकर्त्यांनी पहिल्या वर्षी रोप लावलंच नाही, हे वाचून जरा बरं वाटलं. पण तुमच्या पोरांना दर रविवारी फोटोशिवाय कसं आणता?

---

ओढाकाठ

पोहे आणि शेंगाचटणीवर. फोटोला बंदी नाही, पण कोण टाकणार? काटेरी फांद्या ओढतानाचा फोटो कुणी लाइक करत नाही.

---

हिरवी_पट्टी

एक शंका. मियावाकी पद्धतीनं लावलं तर दोन-तीन वर्षांत दाट जंगल उभं राहतं म्हणतात. ओढ्याकाठी तेच का करत नाही? मी पुण्यात पाहिलंय, आतून वाटही काढता येत नाही इतकं दाट होतं.

---

निर्गुडी_काठची

अकिरा मियावाकींनी ती पद्धत जपानात बसवली, भरपूर पावसाच्या, मुळात दाट जंगलाच्याच मुलखात. आपल्या जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलीमीटर, तीही बरीचशी सप्टेंबरात एकदम. एका चौरस मीटरात तीन-चार रोपं लावली की सगळी एकाच ओलीवर भांडतात. नळ किंवा टँकर कायम हाताशी असेल तर शहरातल्या प्लॉटवर जमतं. ओढ्याकाठी पाईपलाईन कोण ओढणार? शिवाय काठाला भिंत नको असते. पुराच्या पाण्याला पसरायला, गुरांना पाण्यावर उतरायला, बायकांना धुणं न्यायला मोकळ्या जागा लागतात.

---

माळावरचा

धागा ओढ्याचा आहे, तरी एक गोष्ट इथं लिहून ठेवतो, कारण हे धागे वाचून लोक फावडं घेऊन निघतात आणि पहिली मोकळी जागा दिसली की खड्डा घेतात.

नान्नजच्या बाजूला माझं घर. 1979 ला इथं माळढोक अभयारण्य झालं. माळढोकाला उघडा माळ लागतो, लांबवर नजर पोचेल असा. आज तो पक्षी दिसणं म्हणजे नशीब, आणि त्याला कारणं अनेक आहेत, पण "ओसाड" म्हणून माळावर लावलेली झाडं हेही त्यातलं एक. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल ही सगळी गवताची लेकरं. मार्चमध्ये माळ पिवळा पडतो म्हणजे मेलेला नसतो. कुसळी, पवना, मारवेल ही गवतं मुळांत जिवंत असतात आणि पहिल्या वळवाला हिरवी होतात. तिथं झाड लावणं म्हणजे घरात घुसून भिंत बांधणं.

म्हणून कृपा करून झाडं ओढ्यालाच लावा. ओढ्याच्या काठाला झाडांची जागा आहे, माळाला नाही. आमच्या माळावरून ज्या ओघळी तुमच्या ओढ्याला मिळतात त्यांच्या तोंडाशी गवत राखलं तरी तुमच्याकडं येणारा गाळ कमी होईल.

---

ओढाकाठ

शंभर टक्के. गटात नवीन येणाऱ्याला आता हाच प्रतिसाद आधी वाचायला देणार.

---

कोळशाची_गोण

वेड्या बाभळीबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहिते. माझी आई अजून तिचंच जळण आणते. गॅस आहे घरात, पण सिलेंडर संपला की चूल, आणि चुलीला वेडी बाभूळ. आमच्या भागात लोणारी लोक तिचाच कोळसा पाडतात, त्यावर घरं चालतात. तुम्ही शहरातून येणार, ती विलायती म्हणून मुळासकट काढणार, आणि जळणाला बायका दोन किलोमीटर पुढं जाणार. देशी-विदेशी वाद त्यांना कळत नाही असं नाही, त्यांना विचारलंच जात नाही.

---

ओढाकाठ

तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात गरजेचा आहे. आमच्याकडं काय झालं ते सांगतो.

वेडी बाभूळ नुसती कापली तर दुप्पट फुटते. जमिनीलगत बुंध्याचा जो जाड भाग असतो, त्याच्या खालपर्यंत डोळे असतात. कोयत्यानं वर छाटलं की प्रत्येक डोळ्याला फोक येतो आणि एका झाडाचं झुडूप होतं. ती संपवायची तर बुंध्याभोवती वीतभर-दीड वीत माती टिकावानं मोकळी करायची, जाड गड्डा उघडा पाडायचा आणि त्याच्या खाली मूळ तोडायचं. आत लाकूड लालसर असतं आणि भलतंच चिवट. एका मोठ्या बुंध्याला दोन माणसांची अख्खी सकाळ जाते. मशीननं हे पटकन होतं, पण मशीन काठ पुन्हा उकरून ठेवतं.

म्हणजे सगळी काढणं शक्यच नव्हतं, आणि गावातल्या बायकांनी ते योग्यही नाही असं सुनावलं. मग ठरलं असं: जिथं करंज, लिंब, बाभळीची रोपं खाली दिसतात तिथलीच वेडी बाभूळ मुळासकट काढायची, एका वेळी थोडा पट्टा. लाकूड त्याच दिवशी बायका नेतात, वाटप त्यांचं त्या करतात, आम्ही मध्ये पडत नाही. फांद्या कुंपणाला. बाकीची वेडी बाभूळ जळणासाठी आणि धस धरून ठेवायला तशीच ठेवलीय. एकदम सगळी काढली असती तर पुढच्या पुरात काठच गेला असता. परकी असली तरी मुळं तिचीही माती धरतातच.

---

निर्गुडी_काठची

फक्त शेंगा पिकायच्या आत छाटत राहा. गुरं त्या गोड शेंगा खातात आणि शेणातून बी सगळीकडं पोचवतात. देशी बाभळीची जी युक्ती तीच हिचीही.

---

कोळशाची_गोण

बायकांना विचारून केलं असेल तर माझी तक्रार मागं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, करंजाचं जळण धूर करतं, बाभळीचं बरं. बाभळी जास्त ठेवा.

---

मेंढरामागं

आमी धनगर. मोबाईलवर पुतण्या लिवतोय, मी सांगतोय.

झाडं लावनारी मानसं आमाला बघून काठी उचलत्यात. शेरडं झाड खात्यात हे खरं हाय. पर ह्याच शेरडाच्या लेंडीतनं बाभळी उगवल्या म्हनून तुमीच वर लिवलंय. उनाळ्यात रानात काय नसतं तवा बाभळीच्या शेंगांवर शेरडं जगत्यात. आकडीनं फांदी हालवली की पांढऱ्या माळंवानी शेंगा पडत्यात, शेरडं आवाजावर पळत येत्यात. बाभळ वाचावी असं आमाला तुमच्यापरीस जास्त वाटतंय.

सगळा काठ बंद केला तर पान्यावर उतरायचं कुठनं? एक थड बंद करा, एक उघडी ठेवा. झाडं मानसाच्या डोक्याच्या वर गेली की ती थड उघडा, मग दुसरी बंद करा. आमी राखतो. आमी रोज तितंच असतो, तुमी रविवारी.

---

ओढाकाठ

मामा, "तुमी रविवारी" हे एकदम बरोबर बसलं. एक थड बंद, एक उघडी, हे आम्ही यंदापासून धरतो. शेंगा तुमच्याच. आगीचं तेवढं बघा. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात ती आग वाऱ्यानं काठावर येते, आणि आमचं आच्छादनही पाचटाचंच. दिवसा तुम्ही असता, आम्ही नसतो.

---

लांबोटीचा_पूल

2025 च्या सप्टेंबरात सीनेला आलेला पूर ज्यांनी पाहिला त्यांना रोपांचं काय झालं हे विचारावंसं वाटणार नाही. तरीही विचारतो. काही टिकलं का?

---

ओढाकाठ

सीनेचं पाणी मागं फुगून ओढ्यात शिरलं होतं. ओसरल्यावर काठ बघायला गेलो तर खालची ओळख पटेना, एवढा गाळ.

लोखंडी ट्री-गार्ड, जे एका दानशूर गृहस्थांनी दिले होते, ते सगळ्यात आधी गेले. जाळीला काटक्या-पाचट अडकतं, जाळीची भिंत होते, पाणी ती ढकलतं आणि जाळी रोपासकट उपटून निघते. काटेरी फांद्यांची कुंपणं वाहून गेली, पण रोपाला न ओढता. करंजं आडवी झोपली होती, पानांवर बोटभर गाळ. पुढच्या काही दिवसांत शेंडा वाळला आणि बुडापासून नवी फूट आली. निर्गुडीला जणू काही झालंच नाही. मोठ्या जुन्या करंजांपाशी धस शाबूत होता, मुळं उघडी पडलेली, जाळ्यासारखी, आणि त्यात गाळ धरलेला. तिथून थोड्या अंतरावर, जिथं ऊस टोकापर्यंत होता, तिथं सरळ कडा तुटलेला. हे सांगून कुणाला हिणवायचं नाही. त्या पुरात माणसांची घरं, जनावरं, उभी पिकं गेली, तिथं आमच्या रोपांचा हिशोब करायलाही संकोच वाटतो.

एक मात्र ठरवलं. मधल्या उतारावरची लागवड मृगात न करता पूर ओसरल्यावर, उत्तरा-हस्ताच्या सुमाराला करायची. ताज्या गाळात ओल पुष्कळ असते. वरच्या सपाटीची लागवड पहिल्या चांगल्या पावसात, कारण जुलै-ऑगस्टची उघडीप सोसायला मुळं खोल गेलेली लागतात.

---

निर्गुडी_काठची

उशिरा लावलं की पहिला हिवाळा पाणी द्यावं लागेल. विसरू नका.

---

घागर

पाण्याचं मी सांगतो, तेच आमचं काम. बादलीनं रोज थोडं पाणी म्हणजे मुळं वर राहतात आणि एप्रिलमध्ये भाजतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, पण पोटभर, आणि मुळाशी. दोन इंची पीव्हीसी पाईपचा दीड फुटाचा तुकडा, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडून, रोपाशेजारी तिरका पुरायचा आणि पाणी त्यात ओतायचं. वर पाणी दिसतच नाही, त्यामुळं गवतही कमी माजतं. पाईप महाग वाटला तर कुंभाराकडचं न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून झाकण ठेवा. झाकण विसरलात तर डास. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्यानं एकदा, तिसऱ्यात जमलं तर. त्यापुढं ते झाड आणि त्याचं नशीब.

टँकर मागवू नका. काठावरचा टँकर म्हणजे चाकोऱ्या, आणि चाकोरीतून पुढच्या पावसात ओघळ पडते. विहिरीवाल्या शेतकऱ्याशी जमवून घ्या, त्याची मोटर तासभर चालली तरी भागतं.

---

आदिला_नाला_शेजारी

आम्ही शहरातले. आदिला नदीला आता सगळे नालाच म्हणतात. तिच्या काठी हे जमेल का?

---

निर्गुडी_काठची

करंज आणि लिंब तिथंही जगतील. पण तिथलं पहिलं दुखणं सांडपाणी आणि राडारोड्याचं आहे, झाडाचं नव्हे. वर एकरूख तलावाच्या बाजूला, जिथं काठ अजून मोकळा आहे, तिथून सुरुवात करा. स्वतंत्र धागा काढा, भांडायला येते.

---

हिरवी_पट्टी

मुलीचा वाढदिवस आहे. रविवारी आम्ही तिच्या हातून गुलमोहराचं रोप लावायला येऊ का? रोप आणलंय.

---

ओढाकाठ

मुलीला घेऊन या, गुलमोहर घरी ठेवा. तिला करंजाच्या बिया टोकायला देतो, मुलांची बोटं त्या कामाला बरोबर असतात. येताना टिकाव, खोरं, घमेलं यातलं जे असेल ते, पायात बूट, आणि हातमोजे जाड कातडी. काटा चपलेतून सरळ आत जातो.

---

सरी_वरंबा

मी परत आलो. सगळं वाचलं. आमचं रान दक्षिण थडीलाच हाय. पुरात माझाबी धस गेला, किती ते सांगत न्हाई, बायको वाचती हितं. तर धसापासनं किती सोडायचं ते सांगा. दोन सऱ्या सोडतो. तिसरी मागू नगा.

---

ओढाकाठ

दोन सऱ्या पुष्कळ झाल्या काका. चार-चार फुटी सरी आहे ना?

---

सरी_वरंबा

साडेचार. आन् लिंब नको, करंज आन् रामकाठी. लिंबाखाली दुपारी गावातली निम्मी पोरं पत्ते कुटाय बसतील.

---

ओढाकाठ

ठरलं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, गावाचा पत्ता द्या. मोजायला दोरी मी आणतो, खुंट्या तुम्ही.